वठलेल्या झाडाचा हिशेब

14 फेब्रुवारी 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलांच्या संरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात एक छोटासा आदेश दिला. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट, मरू घातलेली किंवा वाऱ्याने पडलेली झाडं हलवायची नाहीत. पुरात वाहून आलेली लाकडं नाहीत, गवतसुद्धा नाही. नागपूरजवळच्या पेंचला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ज्या वनखात्याची घडीच अशी लाकडं वेळेत उचलण्यावर बसली होती, त्याला आता ती जागच्या जागी कुजू द्यायची होती.

ही घडी जुनी. 1864 मध्ये डिट्रिच ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. त्याआधी ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांत त्यांनी मोजणीची पद्धत बसवली होती. जंगलात किती लाकूड उभं आहे, त्यातलं दरवर्षी किती काढलं तर ते पुन्हा भरून येईल, हा त्या शास्त्राचा गाभा. विचार वाईट नव्हता. बेबंद तोडीला त्यानेच लगाम घातला. पण या हिशेबाच्या वहीत वठलेल्या झाडाला जागा एकच: तोट्याच्या बाजूला. कुजण्याआधी उचललं तर चार पैसे, नाहीतर कीड-रोगाचं घर. गंमत अशी, की त्याच ब्रह्मदेशात साग मुद्दाम उभ्या-उभ्या मारत. ओलं सागवान पाण्यावर तरंगत नाही, म्हणून बुंध्याची साल गोलाकार काढायची, झाड दोन-तीन वर्षं वाळू द्यायचं आणि मग ओंडके नदीत सोडायचे. मेलेलं झाड चालत होतं. फक्त ते शेवटी जंगलाबाहेर गेलं पाहिजे, एवढीच अट.

आपल्याकडे देवरायांत मात्र नियम उलटा होता. कित्येक देवरायांतून पडलेली काटकीही घरी न्यायची नाही. त्यामागे देवाचा धाक होता, पण परिणाम साधला जात होता. विज्ञान तिथे पोचलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात वर्षानुवर्षं प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या चार्ल्स एल्टन यांनी 1966 च्या ग्रंथात लिहिलं, की मेलेली लाकडं जंगलातून काढून नेली तर तिथली पाचव्या हिश्श्याहून अधिक प्राणिसृष्टी नाहीशी होऊ शकते. पुढे 1985 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ओंडके कसे कुजतात हे पाहण्यासाठी एक प्रयोग सुरू झाला, मुदत 200 वर्षं! वार्षिक उद्दिष्टांवर चालणाऱ्या कुठल्याही सरकारी खात्याने हा आकडा एकदा मोठ्याने वाचून पाहावा.

आपलं पानझडी जंगल ओरेगॉनसारखं थंड, दमट नाही. इथे घाई असते. एखादी सालई वठली, की सालीखाली भुंग्यांच्या अळ्या शिरतात आणि त्यांच्या बोगद्यांतून पिवळट भुसा गळू लागतो. सुतारपक्षी अळ्यांसाठी खोड ठोकतो, घरट्यासाठी भोक पाडतो आणि हंगाम संपला की ते सोडून जातो. मग पोपट, साळुंकी, पिंगळा असे भाडेकरू येतात. धनेशाला स्वतः खोड कोरता येत नाही. त्याला मोठी, आयतीच ढोली लागते. मादी आत बसून तोंड लिंपून घेते आणि फटीएवढ्या जागेतून नराने आणलेलं खाते. अशी ढोली कोवळ्या झाडात नसते. सातेरी माश्यांचं पोळं आणि घोरपडही अशाच पोकळीत सापडते. शेवटी खोड आडवं होतं आणि उधई त्यावर मातीचे बोगदे चढवते. अस्वल तीच उधई खायला येऊन लाकूड नखांनी फोडून ठेवतं. पावसाळ्यात विदर्भाच्या बाजारांत टेकोडे येतात. ही अळंबी वारुळांवर उगवते, आणि तिची बुरशी उधई वारुळात पोसते ती मेलेल्या पाल्या-लाकडावर. म्हणजे वठलेल्या झाडाचा थोडा अंश आपल्या ताटातही येतो.

रानपिंगळा या छोट्या घुबडाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. 1997 मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही दिसला. तो घरटं करतो ढोलीत.

खात्याची जुनी भीती निव्वळ अंधश्रद्धा होती, असं मात्र म्हणता येणार नाही. नव्वदच्या दशकात मध्य प्रदेशातल्या मंडला भागात साल वृक्ष पोखरणाऱ्या भुंग्याने थैमान घातलं आणि प्रचंड प्रमाणात झाडं तोडावी लागली. हा भुंगा ताज्या, मरणोन्मुख लाकडात वाढतो. वर्षानुवर्षं वाळलेल्या खोडात त्याला रस नसतो. सरसकट साफसफाईत हा फरक पुसला जातो.

दुसरा प्रश्न निस्ताराचा, म्हणजे गावकऱ्यांनी घरच्या गरजेपुरतं जंगलातून आणण्याच्या सवलतीचा. वाळलेलं सरपण हा मध्य प्रांतापासून चालत आलेला गावकऱ्यांचा आधार आहे, आणि अभयारण्याचे नियम त्यांच्याच मोळीवर आधी पडतात. मला हे पटत नाही. धनेशाची ढोली मनगटाएवढ्या फांदीत नसते. ती जाड बुंध्यात असते, आणि जाड बुंधा डोक्यावरून जात नाही, ट्रकमधून जातो.

आता देशाच्या वनस्थिती अहवालात कार्बनचे जे पाच साठे मोजतात, त्यांत मृत लाकडाचाही एक रकाना आहे. ज्या वहीने वठलेलं झाड तोट्यात टाकलं, त्याच वहीने त्याला जमेत घेतलं.

पण न्यायालयाचा तो आदेश राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांच्या हद्दीपुरताच आहे. बाहेरच्या प्रादेशिक वनात वठलेला ऐन किंवा मोह अजूनही आधी तोडीची खूण करणाऱ्या हातोड्याच्या छापासाठी शोधला जातो. वनखात्याची कार्य आयोजना साधारण दहा वर्षांनी नव्याने लिहिली जाते. पुढची लिहिताना प्रत्येक कक्षात काही जाड, पोकळ बुंधे छापाविना सोडावेत, एवढी एक ओळ तीत घालावी. आणि आपल्या लेआउटमधलं झाड वाळलं तर धोक्याच्या फांद्या परवानगीने जरूर उतरवा, पण बुंधा पक्का असेल तर पुरुषभर तरी राहू द्या.