श्वेतद्रव्य आणि ‘मी’चा प्रश्न

मेंदूतील श्वेतद्रव्य म्हणजे चेतापेशींच्या लांब तंतूंचे जुडगे. पेशींची शरीरे मुख्यतः बाहेरच्या करड्या थरात असतात. त्यांना एकमेकींशी बांधणारे तंतू त्याच्या आत पसरलेले असतात. तंतूंभोवती मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असल्याने हा भाग पांढरट दिसतो. वेष्टण नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला एक-दोन मीटर जातो, तर जाड वेष्टित तंतूतून शंभर मीटरपर्यंत. तरुण माणसाच्या मेंदूतील वेष्टित तंतू एकापुढे एक जोडले, तर त्यांची लांबी दीड लाख किलोमीटरच्या आसपास भरते.

जिवंत माणसात हे तंतू शोधण्याची पद्धत पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनिस ल बिहान यांनी १९९४ मध्ये मांडली. ती पाण्याच्या हालचालीवर उभी आहे. तंतूच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकते, आडवे सरकताना अडते. एमआरआय यंत्र ही दिशा टिपते आणि संगणक त्यावरून मार्ग आखतो: डावीकडून उजवीकडे जाणारे तांबडे, पुढून मागे जाणारे हिरवे, वरून खाली जाणारे निळे. हे रंग मेंदूत नसतात, ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. संदेश कोणत्या टोकाकडून निघाला, हेही चित्र सांगत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तुलनेत संगणकाने खऱ्या मार्गांबरोबर अस्तित्वात नसलेले अनेक मार्गही आखल्याचे आढळले.

या चित्रांनी दर्शनशास्त्रातला एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे. पाहणे एका जागी, ऐकणे दुसऱ्या जागी आणि स्पर्श तिसऱ्या जागी घडत असेल, तर ‘हे सारे मलाच कळते’ असे म्हणणारा एकच ‘मी’ कुठून येतो? न्यायदर्शनाने याच अनुभवावरून आत्मा सिद्ध केला. डोळ्यांनी पाहिलेला आंबा आणि हाताने चाचपलेला आंबा एकच आहे, हे डोळा सांगू शकत नाही आणि हातही नाही. म्हणून दोन्हींपलीकडे जाणणारा एक हवा. चार्वाकांचे उत्तर वेगळे होते. मद्याच्या घटकांत सुटेपणी मादकता नसते, ती त्यांच्या मिश्रणातून उपजते; तशीच चेतना पृथ्वी-पाण्यासारख्या भूतांच्या संयोगातून. बौद्धांनी रथाचा दृष्टान्त दिला: चाके, आस, जू यांच्या जुळणीला रथ म्हणतात, त्यांहून निराळा रथ सापडत नाही.

जोडणी तुटली की काय होते, हे बदलापूरकरांना दाखला देऊन सांगावे लागत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. रूळ पाण्याखाली गेले की बदलापूरही जागेवर असते आणि मुंबईही. दोहोंमधला व्यवहार मात्र थांबतो. मेंदूतही केंद्रे शाबूत राहून मधला दुवा तुटू शकतो. १९६५ मध्ये नॉर्मन गेश्विंड यांनी अशा विकारांची सविस्तर मांडणी केली. रॉजर स्पेरी यांनी अपस्मारावरील उपचार म्हणून दोन गोलार्धांमधला जाड पट्टा कापलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. या पट्ट्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. केवळ उजव्या गोलार्धाला दाखवलेली वस्तू रुग्णाला तोंडाने सांगता येत नसे, पण त्याचा डावा हात तीच वस्तू चाचपून उचलत असे. या कामाला १९८१ चे नोबेल मिळाले. न्यायाने ज्या एकतेला आत्म्याचे लक्षण मानले, तिचा काही भाग तरी तंतूंच्या आधाराने टिकतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

जोडण्या सरावानेही बदलतात. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना सहा आठवडे चेंडू उडवून झेलण्याचा (जगलिंगचा) सराव केलेल्या प्रौढांच्या श्वेतद्रव्यात फरक आढळला. २०१० मधील एका अभ्यासात महिनाभरात ११ तास ध्यान केलेल्यांतही तसा बदल नोंदवला गेला. भारतीय परंपरेत यासाठी ‘संस्कार’ हा शब्द आधीपासून आहे: केलेली कृती कर्त्यात ठसा ठेवते आणि तो ठसा पुढच्या कृतीला वळण देतो. अंबरनाथच्या शिवमंदिरात हा सराव पायांनीच घडतो. शके ९८२, म्हणजे १०६० चा शिलालेख असलेल्या या शिलाहारकालीन देवळात सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना चढायचे नसते, सुमारे २० पायऱ्या उतरायच्या असतात. डोळे अंधाराला सरावतात, पाऊल जपून पडते, बोलणे आपोआप थांबते. वर्षानुवर्षे महाशिवरात्रीला या पायऱ्या उतरणाऱ्याच्या शरीरात भक्ती अशी मुरते.

मात्र यावरून देवाचे अस्तित्व सिद्ध होत नाही आणि खोडूनही निघत नाही. चेंडू झेलल्यानेही मेंदू बदलतो आणि ध्यानानेही. चित्र सरावाची साक्ष देते, ज्याच्यासाठी सराव केला त्याची नाही. ‘भक्ती म्हणजे केवळ तंतूंचा खेळ’ आणि ‘विज्ञानाने ध्यानाचे सत्य मान्य केले’ ही दोन्ही विधाने चित्राच्या तोंडी नसलेले शब्द घालतात.

‘मी’च्या प्रश्नाचे खरे वजन कळते ते घरात, घरातल्या वृद्धांकडे पाहताना. उल्हासनगर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिले. आजही पत्ता सांगताना कॅम्पचा आकडा सांगतात. त्या पिढीतले लोक आता फार वृद्ध आहेत. उतारवयात, विशेषतः दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने, श्वेतद्रव्य झिजते आणि एमआरआयच्या काही चित्रांत ही झीज पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसते. स्मृतिभ्रंश झालेल्याला नातवाचे नावही आठवेनासे होऊ शकते. पण सिंधींचे आराध्य झूलेलाल यांचा पल्लव, म्हणजे पदर पसरून म्हणायची प्रार्थना, सुरू झाला की पदर पसरायला हात पुढे येऊ शकतात, कारण लहानपणापासून घोटलेले बहुधा उशिरा पुसले जाते.

तेव्हा ‘मी’ किती उरला? नैयायिक म्हणेल, आत्मा अखंड आहे, साधने थकली. बौद्ध म्हणेल, अखंड ‘मी’ आधीही नव्हता, आणि करुणेला त्याची गरज नाही. सिद्धान्त परस्परविरोधी आहेत, पण दोन्हींतून निघणारे कर्तव्य एकच: त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची आणि त्याचा हात हातात घ्यायचा.