दोन सायकली, एक साखळी

सायकलला कुलूप लावणं म्हणजे जगावर अविश्वास दाखवणं, असं मला एकेकाळी वाटे. १९६५ साली ॲमस्टरडॅममधल्या काही तरुणांनाही तसंच वाटलं. त्यांनी सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कुणीही न्याव्यात म्हणून बिनकुलपाच्या रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनीच त्या उचलल्या! सायकल बिनकुलपाची ठेवायची नाही, असा तिथला कायदा. म्हणजे विश्वास टाकणाराही थोडा गुन्हेगारच!

मी १९९९ साली पुण्यात बी.कॉम.ला होतो. कॉलेजच्या स्टँडवरून अधूनमधून सायकली गायब होत. मी चांगली लांब साखळी आणली आणि माझी सायकल लोखंडी कठड्याला जखडली. शेजारी मित्राची सायकल. तिला नुसतं मागच्या चाकाचं कुलूप.

"अरे, माझीही अडकव की त्यात," तो म्हणाला.

माझा तास आधी सुटायचा. त्याच्यासाठी कोण थांबणार? मी नाही म्हटलं. संध्याकाळी माझी सायकल जागेवर होती. त्याची चोराने कुलपासकट उचलून नेली होती.

तीन वर्षांत न कळलेलं जमाखर्चाचं तत्त्व मला तिथे कळलं. एका खात्यात जमा, तर दुसऱ्या खात्यात नावे! माझ्या साखळीने चोरी थांबवली नव्हती, शेजारच्या खात्यावर वळती केली होती. चोरी चोरानेच केली, कबूल. पण सायकल निवडायला त्याला मदत कुणाची झाली? मित्र पुढे वर्षभर चालत आला. त्याबद्दल एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता मी बँकेत कारकून आहे. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांकडे. लोक याला अविश्वास म्हणतात. मला तर ती शेजारधर्माचीच एक शाखा वाटते. उद्या काही कमी भरलं, तर एकट्यावर आळ येत नाही.

यंदा मुलगी सायकलने कॉलेजला जाऊ लागली. मी दोन सायकलींना पुरेल अशी साखळी घेऊन दिली आणि वर "मैत्रिणीचीही अडकवत जा" असा उपदेश केला. परवा कन्या घामाघूम होऊन चालत घरी! किल्ली मैत्रिणीच्या पर्समध्ये, आणि मैत्रीण साताऱ्याला, मावसबहिणीच्या लग्नाला.

"बाबा, घ्या तुमचं तत्त्वज्ञान!"

सायकली मात्र दोन्ही जागेवर आहेत. मी मुद्दाम जाऊन पाहून आलो.