मुलांच्या प्रश्नांना गप्प करू नका

प्रिय धर्मग्रामस्थांनो,

घरातील आजी वारली की चार-पाच वर्षांचे मूल विचारते, “देवाने आजीला का नेले?” घरात दुःख असते, पाहुण्यांची ये-जा चालू असते. कोणीतरी सांगून टाकते, “देवाला आवडली म्हणून नेली.” मोठ्यांचा विषय तेथे संपतो, मुलाच्या मनात मात्र सुरू होतो. उद्या देवाला माझी आई आवडली तर? ज्या देवावर प्रेम करायला आपण त्याला शिकवायचे, त्याच देवाची त्याला भीती वाटू लागते.

निर्गमाच्या १२ व्या अध्यायात मोशे वल्हांडण सणाचा विधी लोकांना समजावून सांगतो. या विधीचा अर्थ काय, असे उद्या तुमची मुले विचारतील; तेव्हा प्रभूने आपली घरे कशी वाचविली ते त्यांना सांगा, असे तो बजावतो. मुले विचारणार हे त्याने गृहीतच धरले आहे, आणि उत्तर द्यायचे आहे ते घरातल्या माणसांनी.

आपल्याकडे मात्र “देव दिसत का नाही?” असे मुलाने विचारले की आपण म्हणतो, “असे बोलू नये, पाप लागते.” संत थॉमस अक्विनास यांचा ‘सुम्मा थिओलॉजिका’ हा थोर ग्रंथ प्रश्नांच्याच रूपात रचलेला आहे. देव आहे काय, हा प्रश्नसुद्धा त्यांनी टाळलेला नाही. ख्रिस्तसभेच्या एवढ्या मोठ्या आचार्यांना जे विचारता आले, ते आपल्या लेकराने विचारले तर पाप कसे?

काही पालक म्हणतात, “फादर, आम्हांला कुठे एवढे धर्मज्ञान? धर्मशिक्षक सांगतील.” धर्मशिक्षक जरूर सांगतील; पण त्यांच्या वाट्याला येतो रविवारचा एक तास. बाळाच्या स्नानसंस्काराच्या वेळी पास्काच्या मेणबत्तीवरून पेटविलेली ज्योत तेवत ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर आणि धर्ममातापित्यांवर सोपविली होती, हे आठवा. आईवडील हेच मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात शिकविले आहे.

त्यासाठी पदवी लागत नाही. आजीविषयी विचारणाऱ्या मुलाला जवळ घ्या आणि सांगा, “मलाही तिची खूप आठवण येते. लाझर वारला तेव्हा येशूही रडला होता. आजी येशूजवळ आहे, अशी आपली आशा आहे. चल, तिच्यासाठी एक ‘नमो मरिया’ म्हणू.” एवढ्यात मुलाला देवाचे प्रेम कळते, आणि आईबाबा खरे बोलतात हेही कळते. उत्तर येत नसेल तर “मलाही ठाऊक नाही, आपण फादरांना विचारू” म्हणायला लाजू नका. मात्र दुसऱ्या दिवशी खरोखर विचारायला या. मूल विसरत नाही.

या आठवड्यात घरची जपमाळ झाली की लगेच टीव्ही लावू नका, मोबाईल हाती घेऊ नका. पाच मिनिटे मुलांना बोलू द्या. बारा वर्षांच्या येशूला मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना मरिया आणि योसेफ यांनी पाहिले होते. आपल्या घरात प्रश्न विचारणारे मूलही त्याच वाटेवर आहे.

पवित्र कुटुंब आपल्या कुटुंबांसाठी विनंती करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू