गेलेल्याचें दप्तर

नोकरी सोडून गेलेल्या मनुष्याचा खण कोणीं उघडावा व त्यांतील कागदांचें काय करावें, हा प्रश्न कचेऱ्यांइतकाच जुना आहे. संगणकावर खण नाहीं. प्रश्न मात्र तेथेंही आहे, आणि तो अधिक नाजूक झाला आहे असें आम्हांस वाटतें.

१९९३ सालीं आरंभ झालेल्या डेबियन ह्या प्रणालीचेंच उदाहरण घेऊं. तिच्यांत खातें काढून टाकण्यासाठीं ‘डेलयूजर’ नांवाची आज्ञा आहे, व तिनें कसें वागावें हें एका लहानशा फाइलींत आगाऊ लिहून ठेवतां येतें. गेलेल्याचा घरचा फोल्डर पुसावा काय? संगणकावर अन्यत्र त्याच्या मालकीचें जें असेल तेंही पुसावें काय? पुसण्यापूर्वीं प्रत काढावी काय? उत्तर शून्य किंवा एक ह्या अंकानें द्यावयाचें. कोणीं कांहींच बदललें नाहीं तर तिन्ही उत्तरें शून्य असतात. खातें जातें, कागद राहतात. हीं उत्तरें लिहिलीं जातात तेव्हां बहुधा कोणीही गेलेलें नसतें, म्हणून तीं लिहितांना कोणाचा चेहराही डोळ्यांपुढें येत नाहीं.

हें शून्य वरवर पाहतां दयाळू दिसतें. परंतु फाइलीवर मालक म्हणून नोंद असते ती नांवाची नव्हे, क्रमांकाची. खातें गेलें कीं नांव जातें, क्रमांक राहतो. पुढें नवें खातें उघडतांना ‘ॲडयूजर’ ही आज्ञा साधारणतः एक हजारापासून पुढें पहिला मोकळा क्रमांक शोधते. तो गेलेल्याचाच असूं शकतो. मग निवृत्त अध्यापिकेनें विद्यार्थ्यांविषयीं लिहिलेले गोपनीय अभिप्राय, अर्धवट राहिलेला प्रबंध, मुलीला लिहिलेलें पत्र, हें सर्व सोमवारीं रुजू झालेल्या तरुणाच्या मालकीचें होऊन बसतें. त्यानें कुलूप फोडलेलें नाहीं. किल्ली त्याच्या हातीं आपणच दिली. हात न लावणें म्हणजे निर्दोष राहणें, ही समजूत येथें टिकत नाहीं.

तर सर्व पुसावें? तेंही नव्हे. यंत्राच्या लेखीं फाइल ज्यानें निर्माण केली तो तिचा मालक. पण विभागाचें वेळापत्रक किंवा चौघांनीं मिळून भरलेला तक्ता एकट्याचा कसा म्हणावा? सरसकट पुसण्यांत तोही जातो. गटांच्या बाबतींत यंत्र अधिक शहाणें आहे: जो गट कोणा विद्यमान सभासदाचा मूळ गट आहे, तो तें काढूं देत नाहीं. आमच्या कित्येक मंडळांच्या घटनेंत हा नियम घालण्याजोगा आहे!

आमच्या मतें खातें प्रथम केवळ बंद करावें. जाणाऱ्यास विचारावें, त्याचें त्यास न्यूं द्यावें, उरलेल्याची प्रत कुलुपांत ठेवून ती नष्ट करण्याची तारीख त्याच दिवशीं लिहावी. क्रमांक पुन्हा कोणासही देऊं नये. लिनक्सवर ते चारशें कोटींहून अधिक आहेत, तेव्हां कंजूषपणाचें कारण नाहीं.

मृताला मात्र विचारतां येत नाहीं. तेथें प्रत उघडतांना कचेरीच्या मनुष्याबरोबर घरचें एक माणूस असावें. त्यानें न वाचतांच पुसावयास सांगितलें, तर कामाचे कागद वेगळे काढावे आणि बाकीचें, कितीही कुतूहल वाटलें तरी, न उघडतां पुसावें.