गावची दफनभूमी कोणाची?



नोव्हेंबर महिना लागला की आपल्या धर्मग्रामांतील दफनभूमींचे रूप पालटते. गवत निघते, क्रूसांना रंग लागतो आणि २ तारखेला, मृत भाविकांच्या स्मृतिदिनी, कबरी फुलांनी व मेणबत्त्यांनी भरून जातात. हे चांगलेच आहे. परंतु पुष्कळ गावांत आणखी एक जागा असते. ती ग्रामपंचायतीची. कुंपण पडलेले, पावसाळ्यात वाट चिखलात गेलेली, कोणाला कोठे पुरले याची नोंद नाही. कामासाठी दुरून आलेला मजूर, वीटभट्टीवर दगावलेले लेकरू, खाडीकिनारी सापडलेले बेवारस प्रेत यांना शेवटी तेथेच नेले जाते. ही जागा कोणाची, असे विचारले तर उत्तर मिळते, 'सरकारची'. आणि सरकारची म्हणजे कोणाचीच नाही, हा त्याचा आपल्याकडचा अर्थ!

कायदा असे म्हणत नाही. दहनभूमी व दफनभूमी हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपवला आहे. आपल्या राज्यात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाला जोडलेल्या कामांच्या यादीत दहन-दफनभूमीची देखभाल येते आणि बेवारस प्रेतांची विल्हेवाटही येते. जनसुविधांच्या अनुदानातून दहन-दफनभूमीची कामे करण्याची तरतूदही आहे. म्हणजे कर्तव्य लिहिलेले आहे, पैशाची वाट आहे, तरी भिंत पडलेलीच राहते. असे का होते?

आम्हांला वाटते, कारण साधे आहे. नळाला पाणी नसेल तर बायका हंडे घेऊन पंचायतीवर जातात. रस्ता उखडला तर रिक्षावाले ओरडतात. कबर खचली तर आतला माणूस तक्रार करत नाही, मतही देत नाही. त्याचे नातलग गरीब असतात किंवा दूर असतात. लोकशाहीची देखरेख बहुतांशी तक्रारीवर चालते. जेथे तक्रार करणाराच नाही तेथे ती कशावर चालावी?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसून टाळण्यासारखा नाही. 'जिवंतांना प्यायला पाणी नाही आणि मेलेल्यांना भिंत कशाला?' खरोखर एवढ्या दोनच गोष्टींतून निवड करायची असती तर आम्हीही पाणीच मागितले असते. पण बहुधा तशी वेळ नसते. नोंदवहीला वही-पेन लागते, भिंत लागत नाही. नोंद नसल्यामुळे ताज्या कबरीवर पुन्हा कुदळ पडते, तेव्हा ज्या आईचे काळीज फाटते ती जिवंतच असते. उथळ खड्डा कुत्र्यांनी उकरला तर त्याचा त्रासही जिवंतांनाच.

मत्तयच्या शुभवर्तमानात अशा जागेचा उल्लेख आहे. यहूदाने परत टाकलेली तीस नाणी मंदिराच्या खजिन्यात ठेवता येईनात, तेव्हा त्या पैशांतून कुंभाराचे शेत घेतले गेले, परक्यांना पुरण्यासाठी. कोणत्याच खात्यात न बसणारा पैसा परक्यांच्या वाट्याला आला. आजही पुष्कळ ठिकाणी अंदाजपत्रकात या जागेचा नंबर सर्वांत शेवटी लागतो, तो याच न्यायाने.

तोंडी व्यवस्थेवर सोडलेल्या दफनभूमीचे काय होऊ शकते, हे २०२५ च्या जानेवारीत छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्यात दिसले. छिंदवाडा नावाच्या गावात ७ जानेवारीला एका ख्रिस्ती पाळकांचे निधन झाले. गावच्या दफनभूमीत ख्रिस्ती लोकांना पुरण्याची जागा तोंडी ठरलेली होती, घरातील आधीच्या माणसांना तेथेच पुरले होते, असे मुलाचे म्हणणे. गावकऱ्यांनी विरोध केला. ख्रिस्ती लोकांसाठी वेगळी दफनभूमी येथे नाही, असा दाखला पंचायतीकडून आला. उच्च न्यायालयाने मुलाची मागणी फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तोवर मृतदेह शवागारात राहिला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. न्या. नागरत्ना यांनी स्वतःच्या शेतात दफन करू द्यावे असे म्हटले, न्या. शर्मा यांनी ठरवून दिलेल्या दफनभूमीतच करावे असे म्हटले. मृतदेह आणखी ताटकळू नये म्हणून सुमारे २०-२५ किलोमीटरवरील करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला.

त्या गावातील द्वेष एका वहीने मिटला असता, असे आमचे म्हणणे नाही. पण तोंडी ठरलेली जागा आधीच नकाशावर आखून पंचायतीच्या दप्तरी असती, तर मुलाच्या हातात दाखवायला निदान एक कागद असता.

आपल्या दफनभूमीला धर्मग्राम आहे, वर्गणी आहे, नोव्हेंबर आहे. म्हणून पंचायतीची ती दुसरी जागा आपली नव्हे, असे मात्र म्हणता येणार नाही. ग्रामसभेत आपण ख्रिस्ती म्हणून नव्हे तर गावकरी म्हणून बसतो, आणि तेथे पुरलेला अनोळखी माणूसही त्याच गावच्या मातीत आहे. त्यासाठी वेगळी चळवळ नको. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी पंचायत कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, दफनभूमीचा विषय घ्यायला सांगावे, सातबारा कोणाच्या नावे आहे, हद्द मोजली आहे का, नोंदवही कोण ठेवतो, हे विचारावे आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.