पतंगाची गुरुदक्षिणा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

सज्जनहो, श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत पृथ्वी आहे, समुद्र आहे, आणि दिव्यावर झेप घेणारा पतंगही आहे. रूपाला भुलला तो जळाला, हा त्याचा धडा. कीर्तनात आपण तो कितीदा ऐकला, माना डोलावल्या आणि घरी आलो.

पण पतंग खरंच लोभी असतो का? २०२४ साली शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यांनी निरीक्षण करून वेगळंच सांगितलं. रात्रीसुद्धा जमिनीपेक्षा आकाश उजळ असतं, म्हणून उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतात. जवळ दिवा आला की तेच त्यांना आकाश वाटतं, आणि बिचारे त्याच्याभोवती गरगरत राहतात.

मग अवधूतांचा धडा खोटा ठरला? मुळीच नाही. धडा माणसासाठी होता, आणि भूल माणसाला पडतेच. फक्त खतावणीत एक ओळ वाढली. शिकवण आपल्या खाती जमा आहे. गुरूला परत काय दिलं, तो रकाना कोराच आहे.

पिंपरी-चिंचवड, चाकणला रात्रपाळी चालते. पाळी सुटून येणाऱ्या लेकीबाळींना रस्त्यावर उजेड हवाच, त्यात वाद नाही. पण रिकाम्या गच्चीवर पहाटेपर्यंत जळणारा पांढराशुभ्र हॅलोजन कुणासाठी? देवापुढची समई वेगळी आणि हौसेचा झगमगाट वेगळा. पिवळसर, खाली तोंड केलेला दिवा लावला तर कीटक कमी येतात, आपलंही काम भागतं.

अंगणाचंही तसंच. शेतकरी जिला हरळी म्हणून शिव्या घालतो, तीच आपण चतुर्थीला दूर्वा म्हणून विकत आणतो. अशा गवतांवर कितीतरी पतंगांच्या अळ्या वाढतात. पूजेची फुलं देणाऱ्या तगरीची पानं एक जाडजूड अळी फस्त करते. तिचाच पुढे हिरव्या नक्षीचा सुंदर पतंग होतो. झाडाला पुन्हा पालवी फुटते. घाईने औषध फवारलं तर पतंग मात्र गेलाच.

म्हणून सगळंच वाढू द्यावं, असंही नव्हे. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम आढळलेलं गाजरगवत त्वचेला खाज आणतं, दम्याच्या माणसाला त्रास देतं. ते फुलावर येण्याआधीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं. दया म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे. कुणाला राहू द्यायचं आणि कुणाला काढायचं, हे पाहून ठरवणं म्हणजेच विवेक.

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेची. आकाशात पूर्ण चंद्र असतो. आरती झाल्यावर, प्रसाद वाटून झाल्यावर, गरजेपुरते दिवे ठेवून बाकीची रोषणाई बंद केली तर उत्सवाला काही उणेपणा येणार नाही. त्या चोवीसांतल्या एका गुरूला एवढी दक्षिणा आपल्याला सहज परवडेल.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥