पहिल्या स्पर्धेची तयारी
कृष्णा-पंचगंगेच्या संगमानजीक वसलेल्या कुरुंदवाडच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत भारोत्तोलनाची कांस्यपदके मिळवली, हे स्मरण मनाशी बाळगून शेजारच्या जयसिंगपुरात आज पहाटे जो तरुण पॉवरलिफ्टिंगच्या आपल्या पहिल्या स्पर्धेची तयारी करीत असेल, त्याच्याविषयी मला मनःपूर्वक आदर वाटतो. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या प्रत्येक प्रकारात त्याला तीनच संधी आहेत. एखादे वजन उचलता आले नाही म्हणून पुढच्या खेपेस ते कमी करून मिळत नाही, आणि एकाच प्रकारातील तिन्ही संधी वाया गेल्या तर अंतिम क्रमवारीतून नावच खारीज होते. म्हणूनच जाणते वस्ताद पहिल्या खेपेस, सरावात सहज तीनदा उचलता येईल एवढेच वजन मागावयास सांगतात. त्याहून कठीण आहे ते थांबणे: बाकावर उताणे पडून दांडी छातीला टेकवायची, हात थरथरू लागले तरी ती निश्चल धरायची, आणि पंचांचा हुकूम झाल्यावाचून वर रेटायची नाही. सरावाच्या वेळी कुणा मित्राने पंच होऊन तो हुकूम मुद्दाम लांबवावा, अशी माझी त्या तरुणास आग्रहाची सूचना आहे.